व्हिसा कोणाचा, वेस कोणाची?

आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी मागच्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेला. मी पन्हाळा तालुक्यात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. या मुलाच्या घरात दहावी ओलांडणारा तो पहिला. म्हणून कागदांचे बाड घेऊन तो माझ्याकडे आला. सरांना सगळे ठाऊक असेल असे त्याला वाटले. सरांनी स्वतः कधी समुद्र ओलांडलेला नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

आम्ही दोघांनी मिळून व्हिसाची यादी वाचली. पासपोर्ट. विद्यापीठाने प्रवेश दिल्याचे पत्र. इंग्रजी येते याचा पुरावा. क्षयरोग नसल्याचा दाखला. शिक्षणाचा आणि राहण्याचा खर्च भागेल एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून असल्याचा पुरावा. नाहीतर सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र. ज्याच्या आईच्या खात्यात मजुरीचे पैसे चार दिवस टिकत नाहीत, त्याच्यापुढे शिष्यवृत्तीचाच मार्ग उरतो. शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला हवा. आणि महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला हवा असेल, तर घराण्याचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा. मुलाच्या आजोबांना शाळेने कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता. मग शाळेचा दाखला कुठून येणार? शेवटी जुन्या कोतवाल बुकात एका जन्माची नोंद सापडली. मुलाचे नाव, बापाचे नाव, आणि जात.

या दाखल्याला माझा विरोध आहे असा कोणी अर्थ काढू नये. तो आमच्या हक्काचा कागद आहे आणि तो मिळवून देण्यासाठी एका पिढीने हाडे झिजवली आहेत. परंतु त्या दिवशी ते जीर्ण पान पाहताना एक गोष्ट मनात रुतून बसली. परक्या देशात प्रवेश मागण्यापूर्वी, आपल्या देशात आपल्या आजोबा-पणजोबांना गावकुसाबाहेर ठेवले होते, हे या मुलाला सिद्ध करावे लागले. गावात न घेतल्याचा पुरावा हाच त्याचा पहिला परवाना ठरला.

बाबासाहेबांच्या एका छोट्या पुस्तिकेचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असे आहे. त्यांच्या हस्ताक्षरातील या आठवणी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली छापल्या. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी वाचकाला समजावे, एवढाच तिचा हेतू. नाव व्हिसाचे, पण आत परदेशच्या व्हिसाची एकही हकीगत नाही. आहेत ती मसूर, बडोदा, चाळीसगाव आणि दौलताबाद येथील प्रसंगांची वर्णने. शिवाय इतरांवर गुजरातेत गुदरलेले दोन प्रसंग. मग हा व्हिसा कोणत्या देशाचा? अर्ज कोणाकडे करायचा? हा प्रश्न आपल्या विचारवंतांनी गंभीरपणे घ्यायला हवा. नाव केवळ आकर्षक म्हणून दिले असे समजून पुढे जाणे म्हणजे त्या पुस्तिकेचा अर्थच हरवणे होय.

मसूर आम्हा कोल्हापूरकरांना परके नाही. कोल्हापूरहून पुण्याकडे जाणारी गाडी त्याच स्थानकावरून जाते. १९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची मुले तेथे उतरली. वडील गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुले त्यांना भेटायला निघाली होती. अंगावर चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. पैसे असूनही बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे ठरले, तेही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. वाटेत प्यायला पाणी नाही. टोलनाक्यावर भीमरावांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले, तरीही पाणी मिळाले नाही.

१९१७ साली तेच भीमराव कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. उतरायला जागा नाही. पारशी नाव लावून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. हिंदू मित्राने जागा दिली नाही, ख्रिस्ती मित्रानेही दिली नाही. बागेत बसून वेळ काढला आणि मुंबईची गाडी धरली. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसली गेली होती, असे त्यांनीच नमूद केले आहे. ती जाणीव पुन्हा करून देण्याचे काम मायदेशाने केले.

आता इतिहासाचा दुसरा धागा पाहू. १९१३ च्या जून महिन्यात बाबासाहेब मुंबईहून बोटीने निघाले आणि जुलैत न्यूयॉर्कला पोहोचले. त्या काळी हिंदुस्थानातून बाहेर पडण्यासाठी पासपोर्टची सर्वसाधारण सक्ती नव्हती. ती आली पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून, आणि १९२० साली पासपोर्टचा कायदाही झाला. म्हणजे ज्या वर्षी माणगाव परिषद झाली आणि शाहू महाराजांच्या व नवल भथेना यांच्या साह्याने बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, त्याच वर्षी हा कायदा झाला. एक विसंगती ध्यानात घ्या. १९१३ साली न्यूयॉर्कला जाण्यासाठी या माणसाच्या वाटेत जेवढे अडथळे होते, त्याहून अधिक अडथळे १९०१ साली मसूरहून गोरेगावला जाताना होते. सातासमुद्रापलीकडचा देश त्याला जवळ होता. बैलगाडीच्या वाटेवरचे गाव दूर होते.

परदेश म्हणजे समतेचा स्वर्ग, असे मात्र मी म्हणणार नाही. १९१७ साली अमेरिकेने कायदा करून आशिया खंडाचा मोठा भाग वर्ज्य ठरवला. विद्यार्थी, व्यापारी अशा काहींना सूट होती. हिंदुस्थानच्या मजुराला दार बंद झाले. १९२३ साली भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्यांच्या बाजूने कोणता युक्तिवाद झाला? थिंड उच्चवर्णीय असून शुद्ध आर्य रक्ताचे आहेत, म्हणून त्यांना गोरा माना! खालच्या जातींशी आम्हीही रक्ताचा संबंध ठेवत नाही, हे तेथे पात्रतेचा पुरावा म्हणून मांडले गेले. न्यायालयाने तो मानला नाही. परंतु परक्या देशाच्या दारात उभे राहूनही माणसाला आपल्या जातीचाच दाखला पुढे करावासा वाटावा, यात आपल्या समाजाचे पुरते चित्र आहे. जात बोटीत बसून गेली होती. ती पुढेही जात राहिली. म्हणूनच २०२३ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला.

स्वातंत्र्यानंतर तरी पासपोर्ट सर्वांचा झाला काय? पन्नाशीच्या दशकात आपल्याच सरकारचे धोरण असे होते, की गरीब आणि अशिक्षित माणूस इंग्लंडला गेला तर देशाची अब्रू जाते. म्हणून त्याला पासपोर्ट सहजासहजी देऊ नये. अभ्यासकांनी हे सरकारी दप्तरांतून दाखवून दिले आहे. पासपोर्ट ही सरकारची मेहेरबानी होती. १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सांगितले, तेव्हा कुठे पासपोर्टचा कायदा करणे सरकारला भाग पडले. १९७८ च्या मेनका गांधी खटल्याने हा हक्क अधिक भक्कम केला. या दोन्ही निकालांचा आधार राज्यघटनेचे एकविसावे कलम होते. ज्यांना मसूरला गाडी मिळाली नाही, त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या घटनेने सगळ्या देशाला जगाची वाट मोकळी करून दिली, हे शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावे.

तरीही रेघ ओढण्याची सवय सुटत नाही. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली, दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांसारख्या ठरावीक देशांत कामाला जायचे तर वेगळी परवानगी लागते आणि त्याच्या पासपोर्टावर तशी नोंद असते. मजुराची फसवणूक होऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो मला मान्य आहे. पण २०१८ च्या जानेवारीत सरकारने जाहीर केले, की अशा माणसांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देऊ. विमानतळावरच्या रांगेत दुरूनच ओळखू यावे, की हा अडाणी, हा मजूर! ओरड झाली आणि त्याच महिन्यात प्रस्ताव मागे घेतला गेला. ज्यांच्या पूर्वजांना अंगावर खूण बाळगून रस्त्याने चालावे लागले, त्यांना त्या रंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. आणि दहावी कोणाची राहिली, हा प्रश्न तर कोणी विचारलाच नाही.

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. तिने अनेक घरांना जग दाखवले. २०२२ च्या नियमावलीत मात्र एक अट घातली गेली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. या अटीचा अर्थ नीट लक्षात घ्या. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. २०२२ ची अट लावली असती, तर त्या विद्यार्थ्याचा अर्ज या विषयासाठी बाद झाला असता. तुम्ही बाहेर जा, यंत्रे शिका, औषधे शिका. पण तुम्हाला बाहेर का ठेवले होते, हे बाहेर जाऊन विचारू नका! देहाला व्हिसा मिळतो. प्रश्नाला मिळत नाही.

पन्हाळ्यावर राहणाऱ्या माणसाला दरवाजांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. तीन दरवाजापाशी मी दरवर्षी मुलांना घेऊन उभा राहतो. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले, तेव्हा पायथ्याच्या नेबापूरचा शिवा काशीद त्यांचा वेष घेऊन शत्रूच्या हाती पडला आणि मारला गेला. नाभिक समाजाच्या या माणसाने परका चेहरा घेतला आणि स्वराज्याला वाट मिळाली. त्याचा इतिहासाने गौरव केला, हे योग्यच झाले. परंतु मसूरच्या नाक्यावर एका तहानलेल्या मुलाला आणि बडोद्याच्या विश्रामगृहात एका विद्वानाला परके नाव घ्यावे लागले, त्याची लाज कोणी घ्यायची?

दुसरा किल्ला दौलताबादचा. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस कार्यकर्त्यांसह तो पाहायला गेले. दरवाजाबाहेरच्या टाक्यात प्रवासाची धूळ धुतली, एवढाच त्यांचा अपराध. पाणी बाटवले म्हणून शिवीगाळ झाली, लोक जमले. शेवटी किल्ला पाहू दिला. मात्र आत कुठेही पाण्याला शिवू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. प्रवेश मिळाला, पण पाण्याविना. अटींसह प्रवेश म्हणजे व्हिसाच नव्हे काय? आणि आपल्याच देशातला किल्ला पाहायला ज्याला व्हिसा लागतो, तो त्या देशाचा नागरिक की परदेशी?

माझी आई गडावरच्या बंगल्यांतून धुणीभांडी करायची. लहानपणी मी तिच्याबरोबर जात असे. एका घरी आमच्यासाठी परसात वेगळा तांब्या होता. स्वयंपाकघरातली भांडी ती घासायची; त्या घासलेल्या भांड्यातून मात्र तिला पाणी मिळत नसे. ही गोष्ट १९३४ ची नव्हे. मी आज चाळिशीही गाठलेली नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. परदेशी पाहुणे व्हिसा घेऊन येतील, त्यांचे स्वागत होईल, आणि व्हायलाही हवे. पण वारसा जगाचा झाला म्हणजे गावाचा झालाच, असे नाही. पाहुण्याला पाणी देणारा गाव घरच्या माणसाला कोणत्या भांड्यातून देतो, यावर तो दर्जा मी मोजणार आहे.

माझ्या विद्यार्थ्याचा व्हिसा आला. निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आजीने मला एकच विचारले, “सर, तितं पाण्याला शिवू देत्यात न्हवं?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “मग जाऊंदे पोरगं.” तिला पासपोर्ट ठाऊक नव्हता, व्हिसा ठाऊक नव्हता, पण देश कशाला म्हणायचे, हे तिला बरोबर ठाऊक होते.

तो परत येईल तेव्हा विमानतळावर त्याला कोणी अडवणार नाही. त्याचा पासपोर्ट भारताचा आहे. पण तेथून गावापर्यंतच्या वाटेवर, भाड्याची खोली मागताना, जोडीदार निवडताना, वरच्या जागेसाठी मुलाखत देताना त्याला तोच जुना अर्ज भरावा लागेल काय? या अर्जाला कचेरी नाही, शिक्का नाही, नाकारल्याचे कारण लेखी मिळत नाही आणि वर अपीलही नाही. ही अदृश्य कचेरी कायमची बंद करणे हे परदेशच्या कोणा वकिलातीचे काम नव्हे. ते आपले आहे. बाबासाहेबांच्या पुस्तिकेचे नाव ज्या दिवशी विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागेल, ज्या दिवशी त्यांना त्यात व्हिसा कुठला असा खराखुरा प्रश्न पडेल, त्या दिवशी ते काम झाले असे मी समजेन. आज माझ्या वर्गात ते नाव कोणालाच समजावून सांगावे लागत नाही.