संप्रेरके एक की दोन?

बैलाच्या पोष ग्रंथीच्या मागच्या पाळीचा अर्क टोचला की मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये नोंदवले. हाच अर्क रक्तदाब चढवतो, हे आधीच माहीत होते. तो लघवीही आवरतो, हे १९१३ मध्ये कळले. एवढीशी पाळी आणि कामे तीन. मग संप्रेरके किती?

एकच, असा बाल्टिमोरच्या जॉन जेकब एबल यांचा आग्रह. डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीत ऑलिव्हर कॅम आणि सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये अर्काचे सरळ दोन भाग करून दाखवले : एक कळा आणणारा, दुसरा रक्तदाब चढवणारा. वाद मिटायला हरकत नव्हती. पण १९४२ मध्ये व्हॅन डाइक यांच्या गटाने त्याच पाळीतून सुमारे ३०,००० रेणुभाराचे एक प्रथिन वेगळे काढले आणि त्यात दोन्ही गुण ठरलेल्या प्रमाणात एकत्र सापडले. हे पाहायला एबल हयात नव्हते.

पुढे द्यू व्हिन्यो यांनी कळा आणणाऱ्या संप्रेरकाची, म्हणजे ऑक्सिटोसिनची, रचना उलगडली. अवघी नऊ अमिनो आम्ले! रक्तदाब चढवणारे आणि लघवी आवरणारे व्हॅसोप्रेसिनही तेवढेच. मग ते अगडबंब प्रथिन कशासाठी?

उत्तर पॅरिसमध्ये मिळाले. रॉजे आशे यांच्या गटाने १९५० च्या दशकात त्या प्रथिनातून दोन्ही संप्रेरके सोडवली. मागे उरले न्यूरोफायसिन, स्वतः ना कळा आणणारे ना रक्तदाब चढवणारे. संप्रेरकाचे शेपूट नव्हे, तोंड त्याच्या खाचेत बसते : पहिल्या आम्लाचा मोकळा अमिनो गट आणि शेजारच्या टायरोसिनचे कडे. चेतापेशीतल्या आम्लधर्मी कणिकांत ही पकड घट्ट असते. कणिका रक्तात रिकाम्या झाल्या की आम्लता जाते, द्रावण विरळ होते आणि जोडी सुटते.

न्यूरोफायसिन हा नुसता हमाल, असे बरीच वर्षे मानले गेले. हॉवर्ड सॅक्स यांना ते पटले नाही. १९६० च्या दशकात त्यांनी कुत्र्यांना किरणोत्सारी सिस्टीन दिले, तर नवे व्हॅसोप्रेसिन दिसायला तासाहून जास्त वेळ लागला. त्यांनी तर्क केला की आधी एक मोठी निष्क्रिय साखळी बनत असावी आणि संप्रेरक व न्यूरोफायसिन तिच्यातूनच तुटत असावेत. १९८२ मध्ये जर्मन संशोधकांनी गाईच्या जनुकाची प्रत वाचली, तेव्हा दोघे खरोखरच एका साखळीत निघाले.

काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या बहुमूत्र रोगाचा उलगडाही मग झाला. तिथे व्हॅसोप्रेसिनची नऊ आम्ले बहुधा शाबूत असतात, दोष न्यूरोफायसिनच्या भागात असतो. साखळीची घडी नीट बसत नाही, ती पेशीत साचते आणि पेशी हळूहळू मरतात. म्हणूनच बाळ जन्मतः ठणठणीत दिसते आणि तहान-लघवीचा त्रास काही महिन्यांनी वा वर्षांनी सुरू होतो.