कोड वाचला म्हणजे दोष सापडला?

जुन्या गाडीत ‘चेक इंजिन’चा दिवा पुन्हा पुन्हा लागू लागला की गॅरेजमध्ये एकच सिद्धांत ऐकू येतो: स्कॅनर लावा, कोड वाचा, कोडमध्ये ज्या भागाचा उल्लेख असेल तो बदला. या मताचा आवडता पुरावा म्हणजे भाग बदलल्यावर दिवा विझतो.

आधी हा पुरावाच तपासू. नवा भाग बसवल्यावर मेकॅनिक स्कॅनरने कोड पुसतो, आणि दिवा विझतो तो त्या पुसण्याने. जुनाच भाग ठेवून कोड पुसला असता तरी तो विझला असता. पुसताना गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात. त्या पुन्हा पूर्ण व्हायला इंजिन थंड असताना सुरू होणे, काही वेळ स्थिर वेगाने धावणे अशा अटी असतात. शिवाय बरेच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याखेरीज दिवा लावत नाहीत. त्यामुळे मधले काही दिवस शांततेत जातात आणि तोवर बिल चुकते झालेले असते.

आता मूळ अनुमान. सेन्सर बिघडला तर कोड येतो, हे मान्य. पण कोड आला म्हणून सेन्सर बिघडला, हे त्यातून निघत नाही. न्यायशास्त्राने हा घोटाळा केव्हाच उकलून ठेवला आहे: जिथे धूर तिथे अग्नी हे खरे, पण जिथे अग्नी तिथे धूर हे खोटे. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो.

पी ०४२० हा कोड घ्या. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता घटली, एवढेच तो म्हणतो. कन्व्हर्टरच्या पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान झपाझप खालीवर होतो. कन्व्हर्टर ठीक असेल तर मागच्या सेन्सरचा बराचसा स्थिर राहतो. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचू लागला की हा कोड येतो. अशा वेळी ‘आधी मागचा सेन्सर बदलून पाहू’ असे सांगतात. यातली गंमत अशी की म्हातारा, मंदावलेला मागचा सेन्सर कमी हलतो, म्हणजे उलट खराब कन्व्हर्टरला झाकतो! खरे संशयित दुसरेच: सायलेन्सरच्या पाइपच्या सांध्यातून आत शिरणारी हवा, किंवा खरोखर संपलेला कन्व्हर्टर. आणि तो संपला असेल तर का संपला, हे विचारायलाच हवे. इंजिन ऑइल खात असेल किंवा प्लग मिसफायर करत असेल, तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाणार.

पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. इथेही सेन्सर बहुधा खरेच बोलत असतो. आयडलवर संगणकाने केलेली पेट्रोलची भरपाई (फ्युएल ट्रिम) खूप वाढलेली आणि मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर ती उतरणारी असेल, तर व्हॅक्यूम गळतीचा संशय घ्यावा. भार वाढल्यावर भरपाई वाढत असेल तर पेट्रोल पंप, फिल्टर पाहावा. हा नियम मात्र हवेचा प्रवाह मोजणाऱ्या गाड्यांचा. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. तिथे गळतीने मिश्रण फारसे बिघडत नाही, आयडल चढते. बाहेरून सीएनजी किट बसवले असेल तर गाडी काही दिवस निव्वळ पेट्रोलवर चालवून भरपाईचे आकडे ताडून पाहावेत. फरक दिसला तर गाडी किटवाल्याकडे न्यावी, सेन्सरच्या दुकानात नव्हे.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा उरतो: जुन्या गाडीत सेन्सर मरतातच. मरतात. पी ०१३५ सारखा ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटचा कोड आला तर त्यांचे म्हणणे बरेचसे खरे ठरते. तरीही आधी फ्यूज आणि कनेक्टर पाहावा. फ्यूज काही रुपयांत मिळतो.