जकात नाक्यापासून जीएसटी परिषदेपर्यंत : कर कमी होतो, तेव्हा हक्क कोणाचा जातो?

१/
२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सिमेंट आणि लहान मोटारी २८ वरून १८ वर, ट्रॅक्टर १२ वरून ५ वर. वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा करमुक्त झाला. १२ आणि २८ हे टप्पे मोडीत निघाले. ५ आणि १८ हे दोन मुख्य दर उरले आणि चैनीच्या व व्यसनाच्या वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा वेगळा दर आला. तंबाखूजन्य पदार्थांवर मात्र तूर्त जुनीच आकारणी चालू ठेवण्यात आली.

२/
बातम्यांत चर्चा झाली ती स्वस्ताईची. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक जुनी गोष्ट दिसते. 'अनेक कर काढून एकच सुटसुटीत कर' हा विचार या भूमीला नवा नाही. मुंबई इलाख्यात तो १८४४ साली अमलात आला होता आणि त्याच वर्षी सुरतेचे रस्ते पेटले होते. या धाग्यात त्या सुरतेपासून आजच्या दुकानातील पावतीपर्यंतचा प्रवास.

३/
आधी थोडे मागे. करांच्या दरात राज्याचे धोरण कसे दडलेले असते, याचे सुंदर उदाहरण म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठवलेले पत्र. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडे. व्यापारी तिकडे वळले, तर स्वराज्यातील मिठागरे ओस पडणार होती. म्हणून बारदेशी मिठावर जबर जकात बसवावी, ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडले पाहिजे, असा त्या पत्राचा आशय आहे. जकात हे महसुलाचे साधन होते, तसेच ते स्थानिक उत्पादकाच्या संरक्षणाचेही साधन होते.

४/
मात्र जकातीची दुसरी बाजूही होती. पेशवाईच्या काळात माल एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना ठिकठिकाणी जकात भरावी लागे. कारागीर आणि दुकानदार यांच्यावर 'मोहतर्फा' हा धंद्यावरचा कर असे. उत्तर पेशवाईत जकातीची वसुली मक्त्याने देण्याची पद्धत बळावली. मक्तेदाराने सरकारात ठरलेली रक्कम भरायची आणि वर जे मिळेल ते स्वतःचे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा सारा करांचा गुंता ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आला.

५/
कंपनीच्या मुलखातही नाक्यांचा सुळसुळाट होता. चार्ल्स ट्रेव्हेलियन या तरुण अधिकाऱ्याने १८३४ मध्ये बंगाल इलाख्यातील अंतर्गत जकातींवर अहवाल लिहिला. चौकीवरील शिपायाची झडती, लाच आणि खोळंबा यांमुळे व्यापाराचे होणारे नुकसान सरकारला मिळणाऱ्या उत्पन्नाच्या मानाने कितीतरी मोठे आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. १८३६ मध्ये बंगालमधील अंतर्गत जकाती उठल्या. १८३८ च्या पहिल्याच कायद्याने मुंबई इलाख्यातील मार्गावरची जकात गेली.

६/
येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तोच या साऱ्या कथेचा कणा आहे : बुडालेले उत्पन्न भरून कुठून काढायचे? मुंबई सरकारचे उत्तर होते, मीठ. मार्गावरची जकात काढताना मिठावर मणामागे आठ आण्यांचा कर बसवण्यात आला. नाक्यावरचा शिपाई दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी घराघरातील चिमूटभर मीठ कर भरू लागले.

७/
१८४४ मध्ये दुसरे पाऊल पडले. त्या वर्षीच्या १९ व्या कायद्याने मुंबई इलाख्यातील शहरी जकाती, मोहतर्फा, बलुत्यावरील कर आणि धंद्यांवरील नाना प्रकारच्या पट्ट्या एका फटक्यात रद्द झाल्या. कागदावर ही मोठीच सुधारणा होती : विणकर, सुतार, लोहार यांच्या डोक्यावरचा भार उतरला. पण त्याच वर्षी मिठाचा कर आठ आण्यांवरून एक रुपया, म्हणजे दुप्पट करण्यात आला. अनेक करांची जागा एकाच कराने घेतली.

८/
ऑगस्ट १८४४ मध्ये सुरत उठली. बाजार बंद झाले, जमाव रस्त्यावर आला, दंगल झाली. कंपनी सरकारला माघार घ्यावी लागली आणि मिठाचा कर बारा आण्यांवर आणावा लागला. दांडीच्या सत्याग्रहाच्या ८६ वर्षे आधी गुजरातेत मिठाच्या करावरून झालेला हा संघर्ष शालेय पुस्तकांत क्वचितच भेटतो.

९/
सुरतेचा राग अनाकलनीय नव्हता. मोहतर्फा ज्याचा धंदा असे त्यालाच द्यावा लागे. मीठ मात्र मजुरालाही लागते आणि सावकारालाही, आणि दोघांना लागणाऱ्या मिठात फारसा फरक नसतो. करांची संख्या कमी झाली, पण त्यांचा भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर सरकला. तो कोणाच्या खांद्यावर सरकवायचा, हे ठरवताना सुरतेला कोणी विचारले नव्हते.

१०/
पुढे गंमत झाली. १८५० च्या २६ व्या कायद्याने शहरांना नगरपालिका स्थापून कर बसवण्याची मुभा दिली. रस्ते, दिवे, सफाई यांसाठी पैसा हवा होता आणि घरपट्टीला नागरिकांचा विरोध असे. पश्चिम भारतातील कित्येक नगरपालिकांनी मग वेशीवरच्या जकातीचाच मार्ग पत्करला. १८४४ मध्ये दारातून बाहेर काढलेली शहरी जकात काही वर्षांतच खिडकीतून आत आली. यावेळी तिचा पैसा शहराच्या तिजोरीत जाऊ लागला, एवढाच फरक.

११/
विसाव्या शतकात प्रांतही या शर्यतीत उतरले. १९३५ च्या कायद्याने वस्तूंच्या विक्रीवर कर लावण्याचा अधिकार प्रांतांना दिला. १९३८ मध्ये नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडने पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसवला. केंद्राचा आक्षेप होता की हे उत्पादन शुल्कच आहे आणि तो अधिकार केंद्राचा आहे. वाद नव्यानेच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेला. त्या कोर्टापुढे सल्ल्यासाठी आलेले हे पहिलेच प्रकरण. सर मॉरिस ग्वायर, सर शहा सुलेमान आणि मुकुंदराव जयकर या तिन्ही न्यायमूर्तींनी प्रांताच्या बाजूने मत दिले.

१२/
प्रांतांना उत्पन्नाचा झरा सापडला. १९३९ मध्ये मद्रासने सर्वसाधारण विक्रीकर आणला, १९४६ मध्ये मुंबईनेही विक्रीकराचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने आंतरराज्य विक्रीवरही कर आला. परराज्यात बनलेला एखादा पंखा मुंबईच्या ग्राहकापर्यंत येताना कारखान्यात उत्पादन शुल्क, राज्य ओलांडताना केंद्रीय विक्रीकर, मुंबईच्या वेशीवर जकात आणि दुकानात विक्रीकर असे चार टप्पे पार करी. प्रत्येक टप्प्यावरचा कर आधीचा कर मिळवून झालेल्या किमतीवर लागे. करावर कर म्हणतात तो हाच.

१३/
यावरचा उपाय म्हणजे मागच्या टप्प्यावर भरलेल्या कराची वजावट. १९८६ मध्ये 'मॉडव्हॅट'ने ती उत्पादन शुल्कात आणली. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मूल्यवर्धित कर, म्हणजे 'व्हॅट', लागू झाला. २००६ च्या अर्थसंकल्पी भाषणात देशव्यापी जीएसटीचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि त्यासाठी १ एप्रिल २०१० ही तारीख सांगण्यात आली. प्रत्यक्षात घटनादुरुस्ती व्हायला २०१६ उजाडले आणि कर सुरू झाला १ जुलै २०१७ च्या मध्यरात्री. उशीर तांत्रिक अडचणींमुळे झाला, तसाच तो राज्यांच्या भीतीमुळेही झाला.

१४/
भीती निराधार नव्हती. जीएसटी माल जिथे बनतो तिथे जमा होत नाही, जिथे वापरला जातो तिथे होतो. महाराष्ट्र, तमिळनाडू, गुजरात यांसारख्या कारखानदार राज्यांना हा बदल झोंबणारा होता. म्हणून हमी देण्यात आली : २०१५-१६ चे उत्पन्न पायाभूत धरून दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरायची आणि त्याहून जे कमी पडेल ते केंद्राने पाच वर्षे भरून द्यायचे. त्यासाठी काही वस्तूंवर वेगळा उपकर बसवण्यात आला.

१५/
महाराष्ट्रातील शहरांची कथा याला समांतर चालली. नगरपालिकांची जकात १९९९ मध्येच उठली होती. महापालिकांसाठी त्याऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बंद पाळले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली. मुंबईची जकात मात्र अखेरपर्यंत टिकली. दहिसर, मुलुंड, मानखुर्द येथील नाक्यांवरून महापालिकेला वर्षाला सुमारे सात हजार कोटी रुपये मिळत. १ जुलै २०१७ ला ते नाके थांबले. त्याच आठवड्यात राज्य सरकारने महापालिकेला भरपाईचा पहिला धनादेश दिला, सुमारे ६४७ कोटींचा.

१६/
येथे १८४४ आणि २०१७ यांतील मोठा फरक लक्षात घ्यावा लागतो. कंपनीच्या काळात काढलेली जकात पुन्हा परत येऊ शकली. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने मात्र राज्यसूचीतील ५२ वी नोंदच वगळली. स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावर कर लावण्याचा अधिकार त्या नोंदीतून येत असे. आता एखाद्या राज्याला वा शहराला जकात पुन्हा आणावीशी वाटली, तरी आधी राज्यघटना बदलावी लागेल. स्वतःच्या वेशीवर कमावणारे शहर आता दरमहा येणाऱ्या अनुदानाची वाट पाहते.

१७/
राज्यांनीही आपला अधिकार सोडला, पण त्यांना एक खुर्ची मिळाली. राज्यघटनेच्या २७९अ या अनुच्छेदाने जीएसटी परिषद निर्माण केली. तिच्यात केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयासाठी तीन चतुर्थांश बहुमत लागते. याचा अर्थ असा की केंद्राच्या संमतीविना काही होत नाही आणि एकट्या केंद्रालाही काही करता येत नाही. बहुतेक निर्णय एकमताने झाले. पहिले मतदान झाले ते डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीच्या दरावरून.

१८/
या कराराची परीक्षा २०२० मध्ये झाली. महामारीत महसूल आटला आणि उपकरातून भरपाई पुरेना. अखेर दोन वर्षांत मिळून सुमारे २.६९ लाख कोटींचे कर्ज केंद्राने काढून राज्यांना दिले आणि ते फेडण्यासाठी उपकराची मुदत वाढवण्यात आली. जून २०२२ मध्ये भरपाईची पाच वर्षे संपली. त्याच्या आदल्याच महिन्यात 'मोहित मिनरल्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की परिषदेच्या शिफारशी संसद आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, त्यांचे मूल्य मार्गदर्शक स्वरूपाचे आहे. राज्यांचा अधिकार कायद्याच्या भाषेत जिवंत राहिला. व्यवहारात मात्र एकट्या राज्याने वेगळा दर लावणे ही साऱ्या व्यवस्थेलाच तडा देणारी गोष्ट ठरेल.

१९/
या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२५ चा निर्णय वाचावा. ३ सप्टेंबरला परिषदेची ५६ वी बैठक झाली. दरकपातीचा महसुलावरील निव्वळ परिणाम सुमारे ४८ हजार कोटींचा असेल, असा केंद्राचा अंदाज होता. खप वाढून ही तूट भरून निघेल, ही त्यामागची धारणा. विरोधी पक्षांची सत्ता असलेल्या आठ राज्यांनी आधीच भरपाईची मागणी केली होती. दरकपातीला त्यांचा विरोध नव्हता. बुडणाऱ्या उत्पन्नाचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. यावेळी भरपाईची हमी मिळाली नाही.

२०/
दर उतरल्याने सामान्य घराला दिलासा मिळतो, हे खरेच आहे आणि ते लहान नाही. नाक्यावर तासन्‌तास उभे राहणारे ट्रक गेले, हेही खरे. सुरतेच्या लोकांशी तुलना केली, तर आज दर ठरवणाऱ्या सभेत प्रत्येक राज्याचा मंत्री बसतो. ही लोकशाहीची कमाई आहे. तरीही १८४४ चा प्रश्न तसाच आहे : काढलेल्या कराचा भार शेवटी कुठे सरकतो आणि तो सरकवताना कोणाला विचारले जाते?

२१/
याचे उत्तर शोधायला दफ्तरखान्यात जाण्याची गरज नाही. साबणाच्या वडीची पावती पाहावी. तीवर पाच टक्क्यांच्या दोन ओळी असतात : केंद्राचे अडीच टक्के, राज्याचे अडीच टक्के. ज्या शहराच्या रस्त्यावरून तो साबण दुकानात आला, ज्याच्या नळाच्या पाण्याने तो वापरला जाणार आणि ज्याच्या गटारातून त्याचा फेस वाहून जाणार, त्या शहराची ओळ पावतीवर कुठेच नसते.

(धागा समाप्त)