अर्लच्या कागदावर केम्प कसा?

शेक्सपिअरची नाटके शेक्सपिअरने लिहिलीच नाहीत, असे आता चांगल्या वाचत्या मंडळींच्या तोंडीही ऐकू येते. पूर्वपक्ष थोडक्यात असा: स्ट्रॅटफर्डच्या हातमोजे शिवणाऱ्याचा हा मुलगा, विद्यापीठाची पायरी न चढलेला, त्याला दरबार, कायदा, परदेश कुठून ठाऊक असणार? मृत्युपत्रात पुस्तकांचा उल्लेखही नाही. तेव्हा नाव याचे, लेखणी कुणा उमरावाची. १९२० साली जे. टॉमस लूनी या शिक्षकाने ऑक्सफर्डचा सतरावा अर्ल एडवर्ड डी व्हीअर याला हा मान दिला.

विद्यापीठाच्या मुद्द्यात फार दम नाही. बेन जॉन्सनचा सावत्र बाप गवंडी होता, विद्यापीठात तोही शिकला नाही. तरी त्या काळच्या नाटककारांत विद्वान म्हणून पहिले नाव त्याचेच निघते. आणि समुद्र नसलेल्या बोहेमियाला समुद्रकिनारा बहाल करणारा नाटककार युरोप हिंडलेला असलाच पाहिजे, हा आग्रह जरा मौजेचाच. त्या किनाऱ्याची थट्टा जॉन्सनने तेव्हाच केली होती.

खरा पुरावा छापील पानांत आहे. ‘मच अडू अबाउट नथिंग’ची १६०० सालची आवृत्ती पाहा. चौथ्या अंकात डॉगबेरी हा खुळा शिपाईगडी आरोपींची चौकशी करतो. त्याच्या संवादापुढे पात्राचे नाव हवे, तिथे छापले आहे ‘केम्प’. जोडीदार व्हर्जेसच्या जागी ‘काउली’. विल केम्प आणि रिचर्ड काउली हे शेक्सपिअरच्याच मंडळीतले नट. प्रॉम्प्टरने ही नावे घातली म्हणावे, तर त्याच प्रवेशात डॉगबेरी मध्येच ‘अँड्र्यू’ होतो, मध्येच नुसता ‘कॉन्स्टेबल’. प्रयोग चालवणाऱ्याला असा घोळ परवडत नाही. रचनेच्या भरात असलेल्या लेखकाच्या कागदावर तो सहज होतो. १५९९ च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये तर पीटर या नोकराऐवजी खुद्द विल केम्पच प्रवेश करतो! पुढे केम्प मंडळी सोडून गेला, रॉबर्ट आर्मिन आला, आणि नाटकांतला विदूषकही पालटला. दांडगाई करणारा गेला. गाणारा, शहाणपणाने टोचणारा ‘ट्वेल्थ नाइट’मधला फेस्टे आला, पाठोपाठ लिअरचा विदूषक. नटांच्या या अदलाबदलीचा हिशेब अर्लने घरबसल्या का ठेवावा? मंडळीतल्याच माणसाने मंडळीसाठी लिहावे, यात मराठी वाचकाला तरी नवल वाटू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांनी मंडळी काढली, नाटके लिहिली, कामेही केली.

तारखांचा पेच याहून अवघड. अर्ल वारला जून १६०४ मध्ये. ‘द टेम्पेस्ट’मधल्या वादळामागे १६०९ साली बर्म्युडाजवळ फुटलेल्या जहाजाच्या हकिगती आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अर्लपक्षाचे उत्तर ठरलेले: नाटके आधीच लिहून ठेवली होती. एकदा असे म्हटले की कुठलीच तारीख आड येत नाही. पण जॉन फ्लेचरचे काय करायचे? १६३४ साली छापलेल्या ‘द टू नोबल किन्समेन’वर फ्लेचर आणि शेक्सपिअर अशी दोन नावे आहेत, आणि नाटक १६१३ च्या सुमाराचे. कबरीतल्या अर्लशी फ्लेचरची बैठक बसली कुठे?

संशयवाद्यांचे एक मात्र मान्य करावे लागते. या नाटकांतला शब्दन् शब्द एकाच हातचा नाही. ‘टायटस’मध्ये जॉर्ज पील आहे, ‘टायमन’मध्ये मिडल्टन. पण शैलीची छाननी करून सापडतात ते पोटासाठी लिहिणारे धंदेवाईक नाटककार. उमराव एकही नाही.

राहिले मृत्युपत्र. त्यात पुस्तके नाहीत हे खरे, पण रिचर्ड बर्बेज, जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल या तीन सहकारी नटांना अंगठ्यांसाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले आहेत. बर्बेज १६१९ मध्ये वारला. उरलेल्या दोघांच्या पुढाकाराने १६२३ साली ३६ नाटकांचा ‘फोलिओ’ हा संग्रह निघाला, आणि त्यातली निम्मी तोवर कुठेच छापलेली नव्हती.