टॅक्सॉल : पेशीसंवर्धनातून उत्पादन

यू वृक्षाच्या सालीत आढळणारे टॅक्सॉल (पॅक्लिटॅक्सेल) हे अंडाशय, स्तन इत्यादींच्या कर्करोगांवरील औषध असून, पेशीविभाजनास लागणाऱ्या सूक्ष्मनलिकांचे विघटन ते होऊ देत नाही. परिणामी कर्कपेशीचे विभाजन अर्ध्यावर अडते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून १९६२ मध्ये पॅसिफिक यूचे नमुने गोळा करण्यात आले आणि मन्रो वॉल व मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी त्यांतील क्रियाशील घटकाची संरचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली.

सालीत टॅक्सॉलचे प्रमाण सुमारे ०.०१ टक्के इतकेच असते, हा वृक्ष अतिशय सावकाश वाढतो आणि साल सोलल्यावर तो मरतो. त्यामुळे १९९२ मध्ये औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा पुरवठ्याचा प्रश्न बिकट झाला होता. १९९४ मध्ये साध्य झालेले संपूर्ण संश्लेषण इतके लांबलचक होते की कारखान्यासाठी ते निरुपयोगीच ठरले. युरोपीय यूच्या पानांतील पूर्वगामी संयुगापासून केलेल्या अर्धसंश्लेषणाने मात्र झाडे वाचली, कारण पाने पुन्हा फुटतात.

पेशीसंवर्धनात पानांचीही फारशी गरज उरत नाही. यूच्या कोवळ्या भागाचा निर्जंतुक तुकडा शर्करा, क्षार व वनस्पती-संप्रेरके असलेल्या माध्यमावर ठेवला की त्यावर कॅलस, म्हणजे विशिष्ट अवयवाचे रूप न घेतलेल्या पेशींचा भुसभुशीत गोळा, वाढतो. त्यातील पेशी द्रव माध्यमात सोडून, हवा खेळती ठेवणाऱ्या जैवसंयंत्रांत टप्प्याटप्प्याने वाढवितात. जर्मनीत यासाठी ७५,००० लिटर क्षमतेपर्यंतची संयंत्रे वापरली गेली आहेत. पुरेशी वाढ झाल्यावर मिथिल जॅस्मोनेट मिसळतात. वनस्पती जखमी झाल्यावर तिच्यात असाच संकेत निर्माण होत असल्याने पेशी संरक्षक द्रव्ये, आणि त्यांबरोबर टॅक्सॉल, अधिक प्रमाणात बनवू लागतात. ही युक्तीच या तंत्राचा गाभा म्हणावी लागेल. ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीस या पद्धतीसाठी २००४ मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला. तथापि वनस्पतिपेशींची वाढ जीवाणूंच्या मानाने फार मंद असते, एका जंतुसंसर्गाने संपूर्ण संयंत्र वाया जाते आणि वारंवार उपसंवर्धन केल्यास पेशींची उत्पादकता घटत जाते.

हे यश सर्वच संयुगांना लाभलेले नाही. वॉल व वाणी यांनीच शोधलेले कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी संयुग सह्याद्रीतील नरक्या या झाडातही मिळते; त्याच्या पेशीसंवर्धनाचे प्रयोग झाले असले तरी उतारा फार कमी पडतो आणि त्यामुळे नरक्याची तोड पेशीसंवर्धनाने थांबलेली नाही.