आईचे दूध आणि औषधाची मात्रा : एका मोजणीचा इतिहास



इंदूरच्या मराठी श्रोत्यांपुढे इतिहासावर बोलायचे म्हणजे होळकरांवर बोलायचे, असा एक अलिखित संकेत आहे. आज तो मोडण्याची परवानगी मी आपणाकडे मागतो. मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवले. त्यामुळे ज्या इतिहासात राजे नाहीत, लढाया नाहीत, केवळ परीक्षानळीत काढून घेतलेले थोडेसे आईचे दूध आहे, अशा इतिहासाकडे माझे मन ओढ घेते. आईने घेतलेले औषध तिच्या दुधातून बाळाच्या पोटात किती जाते? हा प्रश्न फार जुना आहे. त्यातील ‘किती’ हा शब्द मात्र अगदी अलीकडचा.

प्रश्न जुना आहे याची साक्ष आपल्या घरांतच मिळते. तान्ह्या बाळाचे पोट बिघडले की आजी प्रथम विचारते, ‘बाळंतिणीने काय खाल्ले?’ आयुर्वेदाने बालकांचे क्षीराद, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे तीन वर्ग केले आणि केवळ दुधावर असलेल्या बालकाच्या आजारात धात्रीलाही औषध द्यावे असे सांगितले. औषध दुधात उतरते हे गृहीत धरल्याशिवाय असा उपचार सुचणारच नाही. सुश्रुतसंहितेत दुधाची परीक्षाही आहे : शुद्ध दूध पाण्यात टाकले असता एकरूप होते, त्यास फेस येत नाही, तंतू सुटत नाहीत, ते तरंगत नाही आणि बुडतही नाही. ही परीक्षा डोळ्यांची होती. तिने दुधाचा गुण कळे, मात्रा कळत नसे.

मात्रेची निकड निर्माण झाली ती विसाव्या शतकाच्या मध्यास. १९५१ साली अमेरिकेत मातांच्या दुधात डीडीटी आढळल्याचे प्रसिद्ध झाले. १९६१ साली थॅलिडोमाइडचे प्रकरण उघडकीस आले. ते गर्भावस्थेतील औषधाचे होते, दुधाचे नव्हे. पण आईच्या औषधाचा मुलावर परिणाम होतो ही भीती त्यानंतर जगभर घर करून बसली. भारतात या भीतीला आणखी एक संदर्भ होता. १९५२ पासून आपल्याकडे सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला होता. दोन बाळंतपणांत अंतर हवे असलेली स्त्री ही बहुधा अंगावर पाजणारी स्त्री असे. तिला संप्रेरकाची गोळी द्यायची तर ते संप्रेरक बाळालाही पाजले जाणार, हे उघड होते. ‘मग दूध तोडा’ असे युरोपातील डॉक्टर म्हणू शकत. जिथे वरच्या दुधाचे पाणी शुद्ध असण्याची खात्री नाही, तिथे दूध तोडणे हेच बाळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आपल्याकडे या मोजणीस जे महत्त्व आले, ते केवळ शास्त्रीय कुतूहलाचे नव्हते.

पहिला उल्लेखनीय प्रयत्न दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील लौमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी किरणोत्सर्गी ट्रिटियमची खूण लावलेले नॉरएथिनोड्रेल हे संप्रेरक स्तनदा स्त्रियांना तोंडावाटे दिले आणि दुधातील किरणोत्सर्ग मोजून १९६७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. या पद्धतीत एक अडचण होती. यंत्र मोजते ती खूण. ती खूण मूळ औषधावर आहे की शरीराने मोडून टाकलेल्या त्याच्या अवशेषावर, हे केवळ खुणेच्या मोजणीवरून ठरवता येत नाही. शिवाय बाळंतिणीस किरणोत्सर्गी पदार्थ देणे आज कोणतीही नीतिसमिती सहजी मान्य करणार नाही. त्या काळाचे निकष वेगळे होते एवढेच म्हणून मी पुढे जातो.

अडचण सुटली ती रेडिओ इम्युनोॲसे या पद्धतीने. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी ती इन्सुलिनसाठी शोधली. यॅलोबाईंना त्याबद्दल १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तत्त्व सोपे आहे. वर्गात बाके ठरलेली असावीत, तसे नळीत ठराविक प्रतिपिंड घ्यायचे. खूण लावलेले औषध आणि दुधातील बिनखुणेचे औषध या दोघांनाही तीच बाके हवी असतात. दुधात औषध जास्त, तर खूणवाले जास्त संख्येने उभे राहणार. किती बसले हे मोजले की दुधातील औषधाचा हिशेब लागतो, तोही ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागापर्यंत. येथे किरणोत्सर्ग नळीत राहतो, आईच्या अंगात जात नाही.

व्यवहारात मात्र हे काम किचकट. दुधातील स्निग्धांश मोजणीत विघ्न आणतो, म्हणून आधी द्रावकाने औषध वेगळे काढावे लागते. पाजण्याच्या आरंभीचे दूध पातळ, शेवटचे दाट. स्निग्धांशात विरघळणारे औषध शेवटच्या दुधात अधिक. गोळी घेतल्यावर दोन तासांनी काढलेले दूध आणि वीस तासांनी काढलेले दूध यांचेही आकडे जुळत नाहीत. नमुना कधी आणि कसा घेतला हे न सांगता दिलेला आकडा मी तरी विश्वासार्ह मानत नाही.

हे काम चिकाटीने झाले ते मुंबईत, परळच्या प्रजनन संशोधन संस्थेत. तोडीवाला, बेत्राबेट, शिकारी, सक्सेना आदी संशोधकांचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कृतिगटातर्फे झालेले दोन निबंध १९८७ साली ‘कॉन्ट्रासेप्शन’ या नियतकालिकात आले. त्यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी आईचे रक्त, आईचे दूध आणि बाळाचे रक्त या तीनही ठिकाणी औषधाचा माग काढला. लेव्होनॉर्जेस्ट्रेल गोळीतून दिले, त्वचेखालच्या रोपणातून दिले, गर्भाशयात बसवलेल्या साधनातून दिले. दुधातील प्रमाण आईच्या रक्तापेक्षा बरेच कमी आणि बाळाच्या रक्तात त्याहूनही कमी, अशी ही उतरंड होती. निरोगी तान्ह्याला सुई टोचावी काय, असा प्रश्न मनात येतो. परंतु त्या थेंबांवाचून दुधातील औषध बाळाच्या रक्तात खरोखर पोचते काय, हे कळण्याचा मार्गच नव्हता.

आकडा कसा वाचावा, यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा आई रोज ३० मायक्रोग्रॅम औषध घेते आणि दुधाच्या दर मिलिलिटरमध्ये त्याचा ०.१ नॅनोग्रॅम अंश आहे. चार किलोचे बाळ दर किलोस १५० मिलिलिटर या हिशेबाने ६०० मिलिलिटर दूध पिते. म्हणजे त्यास दिवसाला ०.०६ मायक्रोग्रॅम औषध मिळते. आईच्या मात्रेचा हा ०.२ टक्का झाला. पण आई पन्नास किलोची आणि बाळ चार किलोचे. दर किलो वजनामागे हिशेब केला तर तोच आकडा २.५ टक्के होतो. एकच नमुना, एकच मोजणी, आणि दोन उत्तरे! वजनावर आधारलेला हिशेब दहा टक्क्यांच्या आत असेल तर औषध सामान्यतः चालण्यासारखे मानावे, असा संकेत पुढे रूढ झाला. तो सोयीचा संकेत आहे, निसर्गनियम नव्हे.

सर्वच औषधे सारखी वागत नाहीत. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरोनचे, म्हणजे ‘डेपो’ इंजेक्शनमधील औषधाचे, दुधातील प्रमाण आईच्या रक्तातील प्रमाणाच्या जवळपास जाते, डॉ. सक्सेना यांच्या १९७७ च्या निबंधापासून हे ज्ञात आहे. लेव्होनॉर्जेस्ट्रेलला रक्तातील एक विशिष्ट प्रथिन घट्ट धरून ठेवते, म्हणून ते दुधात कमी झिरपते. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरोनला ते प्रथिन धरत नाही.

आणि याच सुमारास प्रयोगशाळेबाहेर वाद पेटला. १९८५ साली आंध्रातील पाटणचेरू येथे ‘नेट-एन’ इंजेक्शनच्या चाचणीसाठी आणलेल्या स्त्रियांना पुरेशी माहितीच दिली नव्हती, असा आक्षेप स्त्री-संघटनांनी घेतला. १९८६ साली हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने इतरांसह सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. अंगावर पिणाऱ्या मुलांचे काय, हाही त्यांच्या प्रश्नांपैकी एक होता. संशोधकांपाशी नॅनोग्रॅम होते. पण ‘तुम्हाला टोचले जाणारे औषध कोणते, ते दुधात उतरते काय, हे तुम्हाला कोणी सांगितले होते का?’ या प्रश्नाचे उत्तर नॅनोग्रॅममध्ये देता येत नाही. माझ्या मते संघटनांचा हा आक्षेप रास्त होता, आणि मोजणीही तितकीच आवश्यक होती. दोघांनी एकमेकांना शत्रू मानले, हे मात्र दुर्दैव.

आकड्याने मात्रा कळते, अपाय कळत नाही. त्यासाठी मुले वाढताना पाहावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांतील मुलांची तशी पाहणी केली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात, केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या साधनांचा वाढीवर अनिष्ट परिणाम आढळला नाही. तरीही संघटनेच्या २०१५ च्या निकषांत, अंगावर पाजणाऱ्या आईस हे ‘डेपो’ इंजेक्शन बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत सहसा देऊ नये असे म्हटले आहे. गोळी आणि रोपण यांबाबत निर्बंध सौम्य आहे. नवजाताचे यकृत अपक्व असते, त्याच्या अंगात गेलेले संप्रेरक लवकर निपटत नाही, ही त्यामागची शंका.

२०१७ साली हेच इंजेक्शन ‘अंतरा’ या नावाने सरकारी कार्यक्रमात आले. त्याच सुमारास मध्य प्रदेशासह सात राज्यांतील १४६ जिल्ह्यांसाठी ‘मिशन परिवार विकास’ सुरू झाले आणि ‘अंतरा’ त्याचा भाग झाले. दर तीन महिन्यांनी ते टोचून घ्यायचे असते. आपल्या राज्यातील एखाद्या आरोग्य केंद्रात कडेवरच्या तान्ह्यासह आलेल्या आईला परिचारिका प्रथम बाळाचे वय विचारते, ते या सहा आठवड्यांसाठी.