रोडपालीचा रस्ता, बोरघाट आणि हिवाळ्यातील सायकलस्वारी

पनवेल तालुक्यातील रोडपाली हे गाव आज कळंबोलीच्या वसाहतीत मिसळून गेले असले, तरी मुंब्रा–पनवेल रस्त्यालगतचे त्याचे स्थान ध्यानात घेतल्याखेरीज बोरघाटातील सायकलस्वारीचा इतिहास नीट उलगडत नाही. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल होईपर्यंत मुंबईहून पुण्याला रस्त्याने जाणाऱ्यांना ठाणे, मुंब्रा, शीळ आणि तळोजे असा वळसा घालून पनवेल गाठावे लागे, आणि विसाव्या शतकाच्या चाळीशीत सुरू झालेल्या मुंबई–पुणे सायकल शर्यतीलाही दुसरी वाट नव्हती.

या वाटेचा पुढचा भाग मात्र सायकलीहून बराच जुना आहे. मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचे आणि तेथून चौक, खालापूर, खोपोलीमार्गे घाट चढायचा, हा प्रवासक्रम गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १० नोव्हेंबर १८३० रोजी, बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाल्यावर पक्का झाला; परंतु १८६३ मध्ये रेल्वेने कर्जतच्या बाजूने तोच घाट सर केला आणि पनवेलच्या बंदराचे महत्त्व ओसरू लागले. चाकांच्या गाड्यांसाठी आखलेला हा रस्ता पुढे सायकलस्वारांच्या कामी आला. खोपोलीपर्यंतचे सुमारे ३५ किलोमीटर किरकोळ चढउतारांचे असले, तरी त्यानंतर खंडाळ्यापर्यंत जवळजवळ ५०० मीटरांची उंची थोडक्या अंतरात गाठावी लागते, आणि म्हणूनच शर्यतीत घाटमाथ्यावर प्रथम पोहोचणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब अंतिम विजयाइतकाच मानाचा ठरला.

ही शर्यत मधूनमधून खंडित होत राहिली, तरी घोळक्याने घाट चढण्याची प्रथा तिच्याबाहेरही रुजली, आणि त्या प्रथेचा हंगाम हिवाळा हाच राहिला. बर्फाळ प्रदेशांत हिवाळा सायकल अडवतो. कोकणात नेमके उलटे घडते. खंडाळा–लोणावळा परिसरात वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि जुन्या सायकलींचे ब्रेक, म्हणजे लोखंडी रिमवर दाबले जाणारे रबरी गुटके, रिम ओली झाली की निसटू लागत. चढताना त्याची फारशी फिकीर नसली, तरी उताराच्या वळणावर ते जिवावर बेतण्याजोगे होते. म्हणून दिवाळीनंतर रस्ता कोरडा झाला, की पहाटेच्या स्वाऱ्यांना सुरुवात होई.

त्या पहाटेच्या थंडीला सौम्य म्हणणे सायकलस्वाराच्या अनुभवाला धरून होणार नाही. खाडीलगतच्या सखल भागात दव आणि धुके असते. शिंग्रोबाच्या देवळाजवळून चढताना अंग घामाने भिजते, आणि त्याच ओल्या कपड्यांनी खंडाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात शिरताना अंगातील ऊब झपाट्याने निघून जाते. उतरताना बोटे इतकी बधिर होतात, की ब्रेक दाबण्याचा अंदाज चुकतो. समूहाने जाण्यामागे हेही एक कारण होते: पुढच्याच्या आडोशाने मागच्याला वारा कमी लागतो, पुढे राहण्याची पाळी आळीपाळीने घेता येते आणि अंधारात पंक्चर झाले तर सोबत असते.

रुंद टायरांची डोंगरी सायकल या परंपरेत बरीच उशिरा आली. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९७६ मध्ये काही तरुणांनी जुन्या, जड सायकली डोंगरउतारावर शर्यतीसाठी पिटाळल्या. तेथेही अडचण ब्रेकचीच होती, कारण मागच्या चाकाच्या तुंब्यातील ब्रेक तापून ग्रीस जळे आणि प्रत्येक उतारानंतर ते नव्याने भरावे लागे. १९८७ मध्ये अलास्कात अशाच सायकलींची हिमवाटेवरील शर्यत झाली, आणि चाक बर्फात रुतू नये म्हणून टायर अधिकाधिक रुंद करण्याचे प्रयोग तेथील स्वारांनी चालवले. चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या चकतीला पकडणारा डिस्क ब्रेक पुढे रूढ झाला, तो पावसातही भरवशाचा असल्याने सह्याद्रीत पावसाळी स्वाऱ्याही वाढल्या. पूर्वीच्या साध्या सायकलींवर घाट चढलेल्यांचे श्रम मात्र या सुधारणांच्या कौतुकात झाकले जातात, आणि ते न्याय्य नाही.

रस्ताही बदलत गेला. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठची शेतजमीन नव्या शहरासाठी संपादित केली, कळंबोलीत लोखंड बाजार उभा राहिला आणि न्हावा-शेवा बंदराची कंटेनर वाहतूक याच परिसरात आल्याने पहाटेची वेळ आता थंडीइतकीच रहदारीच्या भीतीने निवडली जाते. कळंबोलीहून निघणारा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, पण त्यावर सायकलींना मनाई असल्याने रोडपालीकडून निघणारे स्वार आजही पळस्पे फाट्यावरून जुन्या महामार्गाला लागतात आणि शेडुंग, चौकमार्गे खोपोलीचा पायथा गाठतात.